इंग्रजी शब्दांचे शेवट: लिहिलेले आणि ऐकू येणारे

‘तिकीट’, ‘पाकीट’ आणि ‘जाकीट’ हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते इंग्रजीतून आले याची आठवणही कुणाला होत नाही. तिघांचेही मूळ स्पेलिंग ई-टी या अक्षरांनी संपते आणि तिघांचाही शेवट मराठी तोंडात ‘ईट’ असा बसला आहे. ‘मार्केट’, ‘क्रिकेट’ आणि ‘रॉकेट’ यांचेही स्पेलिंग ई-टीनेच संपते, पण त्यांचा उच्चार मात्र ‘एट’ होतो. इंग्रजीत या सहाही शब्दांचा शेवट एकच आहे, तोकडा ‘इट’: टिकिट, पॅकिट, जॅकिट, मार्किट, क्रिकिट, रॉकिट. पहिल्या तीन शब्दांवर कानाची छाप दिसते, तर नंतरच्या तीन शब्दांवर छापील अक्षरांची. इंग्रजी शब्दांच्या शेवटांबाबत होणाऱ्या बहुतेक चुका या दुसऱ्या प्रकारच्या असतात. शेवटची अक्षरे डोळ्यांना जशी दिसतात तशी जिभेवर येतात, आणि प्रत्यक्ष ध्वनी मागे राहतो.

हे शेवट मात्र बेशिस्त नाहीत. थोडे नियम कळले की शेकडो शब्दांचे उच्चार सुधारतात. पुढील विवेचनात उच्चार देवनागरीत दिले आहेत. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या ब्रिटिश वळणाचा उच्चार आधाराला घेतला आहे आणि अमेरिकी उच्चार वेगळा असेल तिथे तसे नमूद केले आहे. ‘झेब्रा’ या शब्दाच्या आरंभीचा ध्वनी ‘झ’ने दाखवला आहे. ‘माझा’मधला झ उच्चारताना जीभ कुठेही न टेकवता आणि त्यातला हकार काढून टाकून उच्चारला की हा ध्वनी मिळतो.

कठोर आणि मृदू: सर्व नियमांची किल्ली

मराठी व्याकरणात व्यंजने कठोर आणि मृदू अशी विभागलेली असतात. क, च, ट, त, प, श, स ही कठोर, तर ग, ज, ड, द, ब ही मृदू. फरक ओळखायला गळ्यावर बोट ठेवावे. ‘स्स्स’ असा आवाज लांबवला तर बोटाला काही जाणवत नाही. ‘झ्झ्झ’ लांबवला तर गळ्याचे कंपन स्पष्ट जाणवते. सर्व स्वर आणि म, न, ल, र, व्ह हे ध्वनीही कंप पावणाऱ्या गटातले आहेत. फ आणि ‘थिंक’मधला थ हे कठोर गटातले.

संधी शिकलेल्या विद्यार्थ्याला पुढचा भाग परका वाटणार नाही. ‘विपद्’ आणि ‘काल’ एकत्र आले की ‘विपत्काल’ होतो, कारण कठोर ‘क’ शेजारच्या मृदू ‘द्’ला आपल्यासारखे करतो. इंग्रजीतही शेजाऱ्याचा असाच परिणाम होतो. फक्त दिशा उलटी असते: संधीत पुढचा वर्ण मागच्याला बदलतो, तर इंग्रजी प्रत्ययांत मागचा ध्वनी पुढच्या प्रत्ययाला बदलतो.

भूतकाळाचा ई-डी

भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी येणाऱ्या ई-डीचे तीन उच्चार आहेत.

पहिला, मूळ क्रियापद कठोर ध्वनीने संपत असेल तर ‘ट’. वर्कचे वर्क्ट, हेल्पचे हेल्प्ट, वॉचचे वॉच्ट, वॉशचे वॉश्ट, लाफचे लाफ्ट. ‘वर्केड’ किंवा ‘हेल्पेड’ हे उच्चार इंग्रजीत नाहीत. या नियमाचा उत्तम पुरावा सारख्या उच्चाराच्या शब्दजोड्यांत सापडतो. ‘पास’ क्रियापदाचा भूतकाळ आणि ‘गतकाळ’ या अर्थाचा ‘पास्ट’ यांचे स्पेलिंग वेगळे, उच्चार अगदी एक. ‘गेस’चा भूतकाळ आणि पाहुणा या अर्थाचा ‘गेस्ट’ हेही कानाला सारखेच.

दुसरा, क्रियापद मृदू व्यंजनाने किंवा स्वराने संपत असेल तर ‘ड’. प्लेड, कॉल्ड, लिव्ह्ड, ओपन्ड, रॉब्ड.

तिसरा, क्रियापदाच्या शेवटी टी किंवा डीचाच ध्वनी असेल तर ‘इड’. वॉन्टिड, स्टार्टिड, नीडिड, डिसाइडिड. ‘ट’ला चिकटून पुन्हा ‘ट’ किंवा ‘ड’ ऐकू येणे अवघड, म्हणून मध्ये स्वर येतो. ई-डीमधला ई स्वर म्हणून उच्चारला जातो तो प्रामुख्याने इथेच, आणि तोही ‘ए’ नव्हे, तोकडा ‘इ’.

नियम स्पेलिंगला नव्हे, ध्वनीला लागू होतो. ‘लाफ’चे स्पेलिंग जी-एचने संपत असले तरी ध्वनी फ आहे, म्हणून ‘लाफ्ट’. ‘डान्स’चे स्पेलिंग ईने संपत असले तरी ध्वनी स आहे, म्हणून ‘डान्स्ट’.

एकेकाळी ई-डीतला स्वर सगळीकडेच उच्चारला जात असे. तो गळून व्यंजने एकमेकांना भिडू लागली, तेव्हा जाणकारांना ते खटकले. जोनाथन स्विफ्ट यांनी 1712 साली इंग्रजीच्या सुधारणेसाठी लिहिलेल्या प्रस्तावात या काटछाटीबद्दल नापसंती व्यक्त केली होती. भाषेने त्यांचे ऐकले नाही. जुन्या उच्चाराचे अवशेष मात्र काही विशेषणांत टिकले: नेकिड, विकिड, रगिड, क्रुकिड, सेक्रिड. ‘लर्न’चा भूतकाळ ‘लर्न्ड’ होतो. पण विद्वान या अर्थाचे विशेषण ‘लर्निड’ आहे, आणि न्यायालयात समोरच्या वकिलाचा उल्लेख होतो तो ‘लर्निड फ्रेंड’ असा. ‘एज्ड’ म्हणजे अमुक वयाचा, तर ‘दि एजिड’ म्हणजे वृद्ध मंडळी.

अनेकवचनाचा एस

एसलाही तीन उच्चार आहेत आणि तत्त्व तेच आहे. कठोर ध्वनीनंतर ‘स’: बुक्स, कॅट्स, कप्स, रूफ्स. मृदू व्यंजन किंवा स्वरानंतर ‘झ’: डॉग्झ, पेन्झ, गर्ल्झ, बॉइझ, डेझ. स, झ, श, च, ज असे घासून निघणारे ध्वनी शेवटी असतील तर ‘इझ’: बसिझ, क्लासिझ, मॅचिझ, पेजिझ.

मराठीत ‘बसेस’, ‘क्लासेस’ आणि ‘मॅचेस’ हे शब्द रूढ आहेत आणि मराठी वाक्यात ते चुकीचे नाहीत. इंग्रजी बोलताना मात्र शेवटचा स कंप पावून झ होतो, हे लक्षात ठेवावे लागते. दुसऱ्या गटात मराठी भाषकाची गफलत सर्वाधिक होते, कारण ‘पेन्स’ आणि ‘गर्ल्स’ डोळ्यांना बरोबर दिसतात.

हाच नियम क्रियापदाच्या एसला आणि षष्ठीच्या ॲपॉस्ट्रॉफी-एसलाही लागतो. घरातल्या नावांवर तो सहज पडताळता येतो. अमितचे पुस्तक ‘अमित्स बुक’, सीमाचे ‘सीमाझ बुक’ आणि सुरेशचे ‘सुरेशिझ बुक’. त्या त्या नावाचा शेवटचा ध्वनीच प्रत्ययाचा उच्चार ठरवतो.

काही छोटे शब्द पाठच करावे लागतात. इझ, वॉझ, हॅझ, हिझ, ॲझ यांत झ आहे; धिस, अस, येस, बस, गॅस यांत स. ‘से’चे रूप ‘सेज’ नव्हे, आखूड ‘सेझ’. ‘डू’चे रूप ‘डझ’. ‘हाउस’चे अनेकवचन ‘हाउझिझ’, म्हणजे त्यात मधला सही बदलतो.

एका व्यंजनाने बदलणारा अर्थ

शेवटचा ध्वनी कठोर की मृदू यावर काही शब्दांचा व्याकरणातला दर्जाच अवलंबून असतो. सल्ला या अर्थाचे नाम ‘ॲडव्हाइस’, सल्ला देणे हे क्रियापद ‘ॲडव्हाइझ’. उपयोग म्हणजे ‘यूस’, वापरणे म्हणजे ‘यूझ’. जवळ म्हणजे ‘क्लोस’, बंद करणे म्हणजे ‘क्लोझ’. ‘बिलीफ’ आणि ‘बिलीव्ह’, ‘प्रूफ’ आणि ‘प्रूव्ह’ या जोड्याही तशाच. सवयीची गोष्ट सांगणारे ‘यूझ्ड टू’ हे लिहिताना तसे दिसले, तरी बोलताना ‘यूस्टू’ होते.

फरक नीट ऐकू जावा यासाठी शेवटचे व्यंजन ठासून उच्चारण्याची गरज नसते. इंग्रजीत मृदू व्यंजनाच्या आधीचा स्वर लांबतो आणि कठोर व्यंजनाच्या आधीचा आखूड होतो. ‘बॅग’मधला ‘ॅ’ जरा रेंगाळतो, ‘बॅक’मधला चटकन तुटतो. ‘सीड’ आणि ‘सीट’, ‘कॅब’ आणि ‘कॅप’ यांतही तेच. स्वराची लांबी सांभाळली की पुढचे व्यंजन आपोआप ओळखू येते.

उलट एक सवय मोडावी लागते. मराठीत शब्दाच्या शेवटी जोडाक्षर आले की त्यातला ‘अ’ पूर्ण उच्चारला जातो: शब्द, कष्ट, मित्र. तोच ‘अ’ ‘आस्क्ट’ किंवा ‘टेक्स्ट’ यांच्या शेवटी नकळत चिकटतो. इंग्रजीत तिथे स्वर नसतो. व्यंजनांचा असा गुंता जड वाटत असेल तर शेवटचे व्यंजन पुढच्या शब्दाकडे ढकलावे. ‘हेल्प्ट अस’ हे ‘हेल्प-टस’ असे आणि ‘वर्क्ट इन’ हे ‘वर्क-टिन’ असे म्हटले की अडखळणे संपते. इंग्रजीभाषक बोलताना हेच करतात.

शन, चर आणि त्यांचे सोबती

टी-आय-ओ-एन हा शेवट ‘शन’ असा उच्चारतात हे सर्वांना ठाऊक असते: स्टेशन, नेशन, एज्युकेशन. त्याच्या आधी एस असेल तर मात्र ‘चन’ होते: क्वेस्चन, सजेस्चन, डायजेस्चन. ‘इक्वेशन’ हा ठळक अपवाद आहे. त्यातला ‘श’ मृदू होतो.

हा मृदू श म्हणजे ‘श्श्श’ लांबवताना गळा कंप पावू दिला की निघणारा ध्वनी. देवनागरीत त्यासाठी स्वतंत्र अक्षर नाही; इथे तो ‘झ्य’ असा लिहिला आहे. एस-आय-ओ-एन या शेवटाच्या आधी स्वर असेल तर हा ध्वनी येतो: व्हिझ्यन, डिसिझ्यन, कन्फ्यूझ्यन, टेलिव्हिझ्यन. आधी एन, एल किंवा दुसरा एस असेल तर साधा ‘शन’: टेन्शन, पेन्शन, एक्स्पल्शन, मिशन. सी-आय-ए-एन हाही ‘शन’च: म्युझिशन, पॉलिटिशन.

टी-यू-आर-ई या शेवटाचा उच्चार ‘चर’ होतो, आणि पिक्चर, लेक्चर, फर्निचर हे शब्द मराठीने बरोबर उचलले आहेत. ‘मच्युअर’ हा अपवाद, कारण त्यात जोर शेवटच्या भागावर आहे. एस-यू-आर-ई मात्र दोन वाटांनी जातो: मेझ्यर, प्लेझ्यर आणि ट्रेझ्यर एका बाजूला, ‘प्रेशर’ दुसऱ्या बाजूला. शेवटचा र ब्रिटिश उच्चारात ऐकू येत नाही, अमेरिकी उच्चारात येतो. भारतीय बोलण्यात तो ठेवला तर काही बिघडत नाही.

दुबळे स्वर

रस्त्यावरच्या पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ ही जोडी कितीदा तरी दिसते. तिचा इंग्रजी उच्चार ‘प्राइव्हिट लिमिटिड’ असा आहे. दोन्ही शब्दांत जोर पहिल्या भागावर पडतो आणि पुढचे स्वर खचतात. इंग्रजीचा हा स्वभावच आहे: जोर नसलेल्या भागातला स्वर स्पष्ट राहत नाही. तो तोकडा ‘इ’ होतो किंवा पुसट ‘अ’. मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचे माप मिळते, म्हणून मराठी भाषक या दुबळ्या स्वरांना नको इतके बळ देतो.

ए-जी-ई: व्हिलेज, मेसेज, मॅरेज, पॅकेज आणि लँग्वेज यांचे इंग्रजी उच्चार व्हिलिज, मेसिज, मॅरिज, पॅकिज आणि लँग्विज असे. ई-जी-ईने संपणारे ‘कॉलेज’ही ‘कॉलिज’. पेज, स्टेज, केज हे एका दमात उच्चारले जाणारे शब्द असल्याने त्यांत पूर्ण ‘एज’ राहते. फ्रेंचमधून आलेल्या ‘मसाझ्य’मध्ये ‘आझ्य’ येते. अंग रगडणे आणि निरोप यांत घोटाळा होऊ नये यासाठी तरी ‘मेसिज’ जपून म्हणावे.

ए-टी-ई: इथे शब्दाची जात पाहावी लागते. क्रियापद असेल तर पूर्ण ‘एट’: क्रिएट, ऑपरेट, एज्युकेट. नाम किंवा विशेषण असेल तर बहुधा ‘इट’ किंवा ‘अट’: सर्टिफिकिट, चॉक्लिट, क्लाइमिट, डेलिकिट. दोन्ही भूमिका करणाऱ्या शब्दात फरक लगेच कळतो. पदवीधर म्हणजे ‘ग्रॅज्युअट’, पदवी मिळवणे म्हणजे ‘ग्रॅज्युएट’. वेगळा म्हणजे ‘सेपरट’, वेगळे करणे म्हणजे ‘सेपरेट’.

ए-बी-एल-ई: टेबल आणि केबल हे मूळचेच शब्द, म्हणून त्यांत ‘एबल’ राहते. प्रत्यय म्हणून हा शेवट आला की ‘अबल’ होतो: केपबल, अव्हेलबल. ‘कम्फर्टेबल’ प्रत्यक्षात ‘कम्फ्टबल’ इतका आक्रसतो आणि ‘व्हेजिटेबल’ ‘व्हेज्टबल’ होतो.

बाकीचे थोडक्यात. एम-ई-एन-टी हा नामाच्या शेवटी ‘मन्ट’: पेमन्ट, गव्हर्नमन्ट. ओ-यू-एस हा ‘अस’: फेमस, डेंजरस. एल-ई-एस-एस आणि एन-ई-एस-एस हे ‘लस’ आणि ‘नस’ यांच्या जवळ जातात. ‘पोलिसमन’ हा शब्द तर एकवचनी असो वा अनेकवचनी, शेवटी ‘मन’च ऐकू येते; संख्या वाक्यावरून ओळखायची.

लिहिलेली पण न उच्चारलेली अक्षरे

एमनंतर शब्दाच्या शेवटी बी आला तर तो मूक असतो: कोम, थम, क्लाइम, लॅम, बॉम. नळदुरुस्ती करणारा ‘प्लंबर’ इंग्रजीत ‘प्लमर’ आहे. एमनंतरचा एनही मूक असतो: ऑटम, हिम, कॉलम. मात्र पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की मूक अक्षर कधी कधी जागे होते. ‘कॉलम’ लिहिणारा ‘कॉलम्निस्ट’ असतो, आणि ‘साइन’मध्ये लपलेला जी ‘सिग्नेचर’मध्ये प्रकट होतो.

आय-एन-जी या शेवटात जी स्वतंत्र उच्चारला जात नाही. मराठीत ‘रंग’ म्हणताना अनुस्वारानंतर ग येतोच. तो इथे नको. ‘वाङ्मय’मध्ये जो ङ् ऐकू येतो तेवढ्यावरच थांबायचे: सिङ्, गोइङ्, रीडिङ्. त्यामुळे गायक ‘सिङर’ होतो, पण बोट ‘फिङ्गर’च राहते, कारण ‘फिङ्गर’ हा ‘फिङ्’ला प्रत्यय लागून झालेला शब्द नाही. लाँग, स्ट्राँग आणि यंग यांच्या तरभाववाचक रूपांत मात्र ग ऐकू येतो: लाँगर, स्ट्राँगर, यंगर.

जी-एच हे अक्षरयुग्म काही शब्दांत फ होते, जसे लाफ, कफ, रफ, टफ, इनफ. बाकी बहुतेक ठिकाणी ते गप्प असते: हाय, वे, थ्रू, दो.

फ्रेंचकडून आलेल्या शब्दांचे शेवटचे व्यंजन सहसा गळते. डेपो, बुफे, बुके आणि बॅले हे शब्द मराठीत आधीच बिनचूक उच्चारले जातात; एसटीचा ‘डेपॉट’ कुणी म्हणत नाही. अमेरिकेत मात्र त्याचा ‘डीपो’ होतो. सैन्यातल्या ‘कोर’मधले पी आणि एस दोन्ही मूक आहेत, ते उच्चारले तर ‘कॉर्प्स’ म्हणजे प्रेत होते.

शेवट ठरवतो जोराची जागा

मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून या बाजूकडे दुर्लक्ष होते. इंग्रजीत काही शेवट जोराची जागा पक्की करतात. ‘शन’, ‘इक’, ‘इटी’ आणि ‘ग्रफी’, ‘लजी’ अशा शेवटांच्या नेमका आधीचा भाग जोरदार असतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फटॉग्रफी’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटग्रॅफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. जोर सरकला की आजूबाजूचे स्वरही बदलतात. ‘इंजिनीअर’ आणि ‘व्हॉलंटीअर’ यांत जोर शेवटावरच येतो.

सराव आणि शब्दकोश

सरावासाठी एकेका प्रत्ययाला एक आठवडा पुरेसा आहे. वर्तमानपत्रातला इंग्रजी परिच्छेद घेऊन त्यातल्या प्रत्येक ई-डीखाली ट, ड किंवा इड असे पेन्सिलीने लिहावे आणि मग मोठ्याने वाचावे. दुसऱ्या आठवड्यात हेच एससाठी करावे. फोनवर स्वतःचे वाचन ध्वनिमुद्रित करून ऐकले की ‘वर्केड’ आणि ‘पेन्स’ स्वतःलाच खटकू लागतात.

शंका आली की शब्दकोश उघडावा. 1886 साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटनेने तयार केलेली उच्चारलिपी आज बहुतेक चांगल्या कोशांत वापरली जाते. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश 1917 साली निघाला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. या लिपीची सगळी चिन्हे पाठ करण्याची गरज नाही. दोन पुरेशी आहेत: उलटा छापलेला छोटा ई म्हणजे दुबळा ‘अ’, आणि वरच्या बाजूची छोटी उभी रेघ म्हणजे तिच्या लगेच पुढच्या भागावर जोर. ऑनलाइन कोशात शब्द ऐकण्याची सोयही असते. तिथे शब्द आधी ऐकावा आणि स्पेलिंग नंतर पाहावे.

मराठी बोलताना ‘मेसेज’, ‘बसेस’ आणि ‘चॉकलेट’ जसेच्या तसे राहू द्यावेत. ते आता मराठीचे शब्द आहेत. इंग्रजी बोलताना मात्र त्यांना त्यांचे मूळ शेवट परत द्यावेत.